कौलाची कळी

१ मे, सोमवार

माशी म्हणजे मरण म्हणे! ऋतिकाने आज अर्धा तास हेच समजावलं. युरोपातल्या जुन्या चित्रांत फुलांवर माशी बसलेली दिसली की समजायचं, हे सगळं सडणार आहे. फुलपाखरू म्हणजे आत्मा. अळीने कुरतडलेलं पान म्हणजे आपलं आयुष्य. मी म्हटलं, आमच्याकडे मे महिन्यात माशी म्हणजे घरात फणस फोडलाय. हसली नाही. मुंबईहून आलेली माणसं पहिले दोन दिवस हसत नाहीत. तिसऱ्या दिवशी आमरस पोटात गेला की हसतात.

काम मात्र झकास आहे. इथल्याच एका जुन्या घराच्या पेटाऱ्यात चित्रांची वही सापडली. बेचाळीस पानं. प्रत्येक पानावर इथलं एक झाड आणि त्याच्यावर एक किडा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी पलटणीतल्या कुणा डॉक्टर साहेबाने इथल्या चिताऱ्याकडून काढून घेतली. साहेबाचं नाव पहिल्याच पानावर, वळणदार. चिताऱ्याचं कुठेच नाही. ऋतिकाच्या संस्थेला २७ तारखेला रत्नागिरीतच प्रदर्शन भरवायचंय. मूळ पानं मांडता येत नाहीत इतकी नाजूक झालीत, म्हणून नकला हव्यात, आणि खाली मराठीत फलक. "मथुरा मॅडम, तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हणाली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतेय, पण असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. शाळेला सुट्टी लागलीच आहे. हो म्हटलं.

४ मे, गुरुवार

पहिली सहा पानं निव्वळ नक्कल आहेत. साहेबाने आपल्याकडचं एखादं छापील पुस्तक पुढ्यात टाकलं असणार आणि सांगितलं असणार, असं काढ. म्हणून आपल्या कमळावर कुठलं तरी परदेशी फुलपाखरू येऊन बसलंय. बिचारं अगदी पाहुण्यासारखं अंग चोरून बसलंय. सातव्या पानापासून चिताऱ्याने पुस्तक बाजूला ठेवलं. रुईवर रुईचीच सुरवंटं, पट्ट्यापट्ट्यांची. सुरंगीवर मधमाश्या, आणि त्याही कळ्यांत डोकं खुपसून पार्श्वभाग वर केलेल्या. हे बघितल्याशिवाय सुचत नाही.

ऋतिका प्रत्येक पानाला अर्थ लावते. मधमाशी म्हणजे उद्योग. सुरवंट म्हणजे देह. मी म्हटलं, अगं, हा माणूस इथला. त्याला तुझी परदेशातली परिभाषा कोण शिकवणार? म्हणाली, साहेबाने शिकवली असेल. असेल बापडं.

७ मे, रविवार

पान नऊ, तुळस. वहीभर किडे आहेत, तुळशीवर नाही! साहेबाने कडेला शिसपेन्सिलीने इंग्रजीत विचारलंय, किडा कुठाय? खाली पुन्हा तेच, या वेळी दोन रेघा ओढून. म्हणजे पान दोनदा परत पाठवलं. चिताऱ्याने मंजिरीचा दाणा न् दाणा काढला, पण किडा नाही काढला तो नाहीच. साहेब तो साहेब, पण तुळस ती तुळस.

ऋतिका म्हणाली, हा विरोधाचा सूर आहे. मी म्हटलं, विरोध कसला, संध्याकाळी घरी जाऊन त्याला दिवा लावायचा असेल. या वेळी मात्र हसली. आमरस खाऊन झालाय.

मला हा माणूस आवडायला लागलाय.

९ मे, मंगळवार

पान बावीस. भेंडीच्या पानावर हिरवी अळी, आणि तिच्या अगदी तोंडासमोर कुंभारमाशी. ऋतिकाच्या टिपणात: शिकार, क्रौर्य, सृष्टीतला संघर्ष. मी हातातला ब्रश ठेवला आणि तिला कीर्तनातलं सांगितलं. कुंभारमाशी अळीला आपल्या मातीच्या घरट्यात कोंडते. अळी भीतीने तिचाच ध्यास घेते, आणि ध्यास घेता घेता स्वतःच माशी होऊन बाहेर पडते. देवाचा ध्यास घेतलेल्या माणसाचं असंच होतं, असं बुवा सांगायचे. शास्त्रात ते खरं नाही, मला माहीत आहे. पण आमच्या देवळात दरवर्षी सप्ताहाला हेच ऐकत मी मोठी झाले. चिताऱ्यानेही तेच ऐकलेलं असणार.

ऋतिकाने पहिल्यांदा माझं बोलणं आपल्या टिपणवहीत उतरवून घेतलं. मी वरवर काही दाखवलं नाही. आतून मात्र हवेत.

१० मे, बुधवार

दादाचा फोन. फणस पाठवतोय एसटीने. नको म्हटलं. "कापा हाय, बरका नाय," म्हणाला, आणि ठेवला. म्हणजे फणस येणार, घट्ट गऱ्यांचा.

१२ मे, शुक्रवार

पान एकतीस, मोगरा. आज दिवसभर तेवढंच.

पांढऱ्या कागदावर पांढरं फूल काढायचं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. याने पांढरा रंग वापरलाच नाही. कागद तसाच सोडला आणि पाकळीच्या मागची सावली तेवढी काढली, हिरवट करडी, इतकी पातळ की चष्मा पुसून बघावी लागते. मी तीन कागद फुकट घालवले. चौथा जमला असं वाटतंय.

फांदीखाली दोन कळ्या वेगळ्या काढल्यात. उजवीकडची धड. डावीकडचीला टाचणीच्या टोकाएवढं भोक, भोकाभोवती जांभळट डाग, आणि त्यातून काळ्या डोक्याची अळी अर्धी बाहेर आलेली. कोपऱ्यात तिचा पतंग — पांढरा, पंखांवर काळ्या नागमोडी रेघा. ऋतिकाचं तयारच होतं, पावित्र्याला लागलेली कीड! मी म्हटलं, मोगऱ्यातली अळी म्हणजे मोगऱ्यातली अळी. गजरेवालीला विचार, ती रोज वेचून टाकते.

पानाच्या मागे मोडीत दोन ओळी आहेत. वहीत इतर कुठेच नाहीत, फक्त इथे. मोडी मला येत नाही. सोमवारी भूमी अभिलेखमधले एक निवृत्त गृहस्थ येऊन वाचून देणार आहेत.

१५ मे, सोमवार

वाचून दिलं. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला स्वप्न पडलं असं वाटायला नको.

"ही कळी देवीस लावूं नये. ओली होतां किडा हाले, कळी सुटे. कौल खोटा पडे."

गृहस्थांनी चष्मा काढला, म्हणाले, चितारी देवळाच्या पोटचा दिसतोय, गुरव वगैरे. ऋतिका तर खुर्चीतून उडाली. हे पान प्रदर्शनाचं मुख्य पान, म्हणाली. मला म्हणाली, मॅडम, कौल म्हणजे काय ते तुम्हीच फलकावर समजावून लिहा ना.

मी हो म्हटलं. घरी आले. जेवले नाही.

१६ मे, मंगळवार

आज काही केलं नाही.

१७ मे, बुधवार

लिहूनच टाकते. नाहीतर डोक्यात गरगरत राहील.

१९८६, जून. मी अठरा वर्षांची. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला अ श्रेणी, बारावी झालेली. मुंबईच्या कलाशाळेचं पत्र आलं, प्रवेश मिळाला, वीस तारखेच्या आत हजर व्हा. ते पत्र मी गादीखाली घालून झोपायचे. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आई दम्याने बेजार. दादा सव्वीसचा, लग्न व्हायचं होतं, आणि बाबांमागे देवीचा गुरव तोच. आई म्हणाली, माझं काय नाय, देवीला विचारूया. आमच्यात विहीर खणायची तरी देवीला विचारतात. मला त्यात वावगं वाटलं नाही.

आमच्या देवीचा कौल मोगऱ्याच्या कळ्यांचा. गुरव पहाटे आंघोळ करून, कुणाशी न बोलता, स्वतः कळ्या खुडतो. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दोन कळ्या पाण्यात बुडवायच्या, एक देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प उभं राहायचं. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही.

"आये, बाय मुंबैक जाऊ म्हणताय. तुझी काय आज्ञा आसंल ती दी," दादा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. मला वाटलं, बहीण दूर जाणार म्हणून.

किती वेळ गेला देव जाणे. डावी पडली.

मी रडले नाही. आईने डोळ्यांना पदर लावला. पडलेली कळी कौल मागणाऱ्याच्या ओच्यात घालायची असते, ती आपण घरी नेऊन देवापुढे ठेवायची. दादाने मला दिली नाही. दोन्ही कळ्या मुठीत घेतल्या आणि मागच्या दाराने बाहेर गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच वर्षी त्याने कौल लावणं सोडलं. हात थरथरतो म्हणाला. सव्वीस वर्षांच्या माणसाचा हात! त्याच हाताने तो माडावर चढायचा. कौल चुलतभावाकडे दिला आणि रोजची पूजा तेवढी ठेवली. आम्ही म्हटलं, असेल काही.

सदतीस वर्षं मी म्हणत आले, देवीने नको म्हटलं. मैत्रिणी विचारायच्या, तू गेली का नाहीस गं? मी सांगायचे, आमच्या देवीची इच्छा नव्हती. तिच्यावर एकदाही रुसले नाही. आईचं सगळं केलं, तिच्या शेवटापर्यंत केलं. पुढे कसाबसा शिक्षकाचा डिप्लोमा केला. पोरांच्या वहीतले डोंगर आणि डोंगरामागचे सूर्य तपासत बसले. दर नवरात्रात देवीची ओटी भरली. आणि बोलली ती देवी नव्हतीच!

घरात चूल पेटवायला बाई हवी होती. आई खाटेवर, दादाचं लग्न नाही. मी गेले असते तर भाकऱ्या कोण भाजणार होतं? त्यापेक्षा एक किडकी कळी बरी.

१९ मे, शुक्रवार

उगाच कुणावर आळ नको. शाळेत पोरांना सांगते, आधी बघा मग काढा. तेच केलं.

बाजारातल्या गजरेवालीकडून टाकलेल्या कळ्या मागून आणल्या. माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं तिने. पाटा धुवून भिंतीला उभा लावला. एक धड कळी, एक किडकी, दोन्ही ओल्या, दोन्ही एकाच उंचीवर. घड्याळ पुढ्यात. दहा वेळा केलं. सातदा किडकी आधी पडली. दोनदा तर अळी भोकातून डोकं काढून वळवळताना दिसली, अगदी पानावरच्या चित्रासारखी. त्या चिताऱ्यानेही असाच घरातला पाटा उभा केला असेल.

मला सात पुरे.

२१ मे, रविवार

गावाला जाऊन आले. हातखंब्याला एसटी बदलताना वाटलं, परत फिरावं. फिरले नाही.

दादा खळ्यात पेंढ्यात आंबे लावत होता. मला बघून अगदी खुलला. "अगो, फोन तरी करायचा! फणस बरा व्हता ना?" कमळावहिनी पाणी घेऊन आली. मी पाणी हातात घेतलं नाही. मोबाइलवर पान एकतीस काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. मागच्या दोन ओळी वाचून दाखवल्या.

त्याचा चेहरा मी बघत होते. चित्र काढणाऱ्याला चेहरा बघायची सवय असते. आंबा हातातच राहिला.

मी म्हटलं, "माझ्या कौलाला तू किडकी कळी लावलीस?"

मग म्हणाला, "लावली."

"माहीत असून?"

"व्हय. बाबांनी दाखवलेली मला, कुठची लावायची नाय ती." मग आंबा खाली ठेवला. "बाय, जरा बस. आयक माझं—"

"ऐकलं की! सदतीस वर्षं ऐकलं!" मी म्हटलं. त्याला पुढे बोलू दिलं नाही. वाट्टेल ते बोलले. देवीच्या तोंडून खोटं बोललास म्हटलं. भाकऱ्यांसाठी बहीण विकलीस म्हटलं. तो खाली पेंढ्याकडे बघत राहिला. वहिनी म्हणत होती, वन्सं, जेवून तरी जावा, वन्सं. मी चालू लागले. पाणंदीत पोचले तरी मागून तिचा आवाज येत होता.

त्याने नाकारलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

२२ मे, सोमवार

रडले. एकदाची रडले. गॅसवर भात करपला.

परका फसवतो तेव्हा आपण सावध नव्हतो म्हणतो. याच्यापुढे सावध कशाला राहायचं होतं? शाळेच्या वाटेवर ओढ्याला पूर आला की हाच मला खांद्यावर घ्यायचा. पहिली रंगपेटी यानेच आणली, राजापूरच्या जत्रेतून. तेवढी आणली आणि मग हात कापले.

आज दोनदा फोन आला त्याचा. घेतला नाही.

२४ मे, बुधवार

पान एकतीसचा फलक लिहिला. साहेबाबद्दल दोन वाक्यं, चिताऱ्याबद्दल चार, कौल म्हणजे काय याबद्दल पाच. मग हे:

"चिताऱ्याने इथे किडा काढला तो शोभेसाठी नाही आणि उपदेशासाठीही नाही. ही देवळाच्या आतल्या माणसाने दिलेली साक्ष आहे. ही युक्ती पुढेही वापरली गेली. १९८६ साली आमच्या गावात अशाच कळीने एका मुलीचं शिक्षण थांबवलं. ती मुलगी म्हणजे या नकला काढणारी मी."

खाली माझं नाव, गावाचं नाव.

दादाचं सगळं सांगून ऋतिकाला फलक दाखवला. तिने तीनदा वाचलं. डोळे भरून आले तिचे. मग हळूच म्हणाली, मॅडम, दादांचं नाव नाही, पण कळेलच ना सगळ्यांना. तुमची खात्री आहे ना? मी म्हटलं, ज्याने केलं त्याने तोंडाने कबूल केलंय. याहून खात्री कसली?

ती म्हणाली, सगळ्या वहीत हाच एक अर्थ आपल्यासाठी कुणी तरी लिहून ठेवलाय. बाकी सगळे आपण लावलेले. खरं आहे ते.

२७ मे, शनिवार

उद्घाटन झालं. हॉल भरला होता. भाषणं लांबली, पंखे बंद पडले, सगळं रीतसर. पान एकतीसपुढे गर्दी हटेना. बायका वाचायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. एकीने माझा हात धरला. तिलाही कधी तरी कुठली तरी डावी पडली असावी.

मुंबईचे एक प्राध्यापक माझ्या मोगऱ्यापुढे वाकून म्हणाले, पांढरा वापरला नाहीत, वा! कुठे शिकलात? मी म्हटलं, घरी.

वाटलं होतं, आज फार बरं वाटेल. बरं वाटलंही, दुपारपर्यंत.

२९ मे, सोमवार

आमच्या गावचं कुणी तरी येऊन फलकाचा फोटो काढून गेलं. गावच्या ग्रुपवर काल दिवसभर तोच. चुलतभावाचा फोन आला. तो आधी माझ्यावर उखडला, देवीची बदनामी केलीस म्हणाला. मग दादावर उखडला. गावकारांनी रविवारी देवळात बैठक बोलावलीय. ते ऐंशीच्या घरातले, गावचा पहिला मान त्यांचा. दादाला सगळ्यांसमोर विचारणार. खरं निघालं तर पूजा काढून घेणार. पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात आहे ती.

मी म्हटलं, विचारा की. मला नाही कुणी विचारलं.

३१ मे, बुधवार

वहिनीचा फोन. मला वाटलं, भांडेल. म्हणाली, "वन्सं, ते जेवत नायत. तुम्ही एकदा येवन बोला त्यांच्याशी. त्यांचं काय तरी सांगायचं रवलाय." मी म्हटलं, जे सांगायचंय ते बैठकीत सांगू दे. गावाला कळू दे.

पस्तीस वर्षांत ती माझ्याशी कधी वाकडं बोललेली नाही, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

२ जून, शुक्रवार

हॉलवर गेले होते. ऋतिका पुढच्या गावच्या प्रदर्शनाची यादी करत होती, पान एकतीस सगळीकडे पहिलं. तिने विचारलं, तुम्ही बऱ्या आहात ना? मी म्हटलं, उन्हाचा त्रास.

खरं सांगायचं तर राग तसाच आहे. जराही कमी झाला नाही. पण त्या रागात दादा पेंढ्याकडे बघत बसलेला दिसतो, आणि मग मला माझाच राग येतो की मी त्याच्यासाठी का हळहळतेय. त्याला हळहळ वाटली होती का, १९८६ साली? मला मुंबईला जायचं होतं. मला नुसतं जाऊन बघायचं होतं, जमतंय का. नसतं जमलं तर आले असते परत. तेवढंही मिळू दिलं नाही.

रविवारी मी जाणार नाही. माझं काय काम तिथे? माझं सगळं सांगून झालंय.

३ जून, शनिवार

दादाचा फोन वाजत होता. वाजू दिला.

४ जून, रविवार

बैठक झाली. वहिनीने फोन करून सांगितलं, अगदी शांतपणे. दादाने सगळ्यांसमोर मान्य केलं — व्हय, किडकी कळी लावली. देवळाची किल्ली स्वतःच कनवटीची काढून पुढे ठेवली. उठायला लागला, तर गावकारांनी त्याला विचारलं, "भागोजी, किडकी कुठच्या अंगाला लावलंस?"

"उजव्या," तो म्हणाला. "बायने मुंबैक जावं आसा माझ्या मनात व्हता. तरी डावीच पडली."

मी त्याला हे विचारलंच नव्हतं.